स्मार्ट काचेचं लायसन्स: गाडी, विमान, इमारत तिन्ही एकदम घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत तुमचं काच टफनिंग आणि लॅमिनेशनचं युनिट आहे. एका परदेशी कंपनीने विजेच्या बटणावर गडद-फिकी होणाऱ्या काचेचं लायसन्स तुम्हाला देऊ केलंय. वाहनं, विमानं आणि इमारती अशी तिन्ही क्षेत्रं, भारतापुरते एक्सक्लुझिव्ह हक्क, सुरुवातीला एकरकमी फी, मग नेट विक्रीवर १० टक्के रॉयल्टी, आणि दुसऱ्या वर्षापासून वर्षाला किमान ४० लाख रुपये. तुम्ही विचारलंय की दहा टक्के जास्त आहेत का, आणि महिन्याभरात सही करून टाकावी का.

दहा टक्के ऐकायला जड वाटतात, पण या धंद्यात ते जगावेगळे नाहीत. न्यूयॉर्क राज्यातली रिसर्च फ्रंटियर्स ही एसपीडी तंत्रज्ञानाचं (अशा काचेचा एक प्रकार, खाली सांगतो) लायसन्स देणारी कंपनी. तिच्या वार्षिक अहवालांत तयार मालावरची रॉयल्टी ५ ते १५ टक्के अशी दिलेली असते. त्यामुळे एखाद-दुसऱ्या टक्क्यासाठी घासाघीस करण्यात सगळी ताकद घालवू नका. दहा टक्के कशावर, कशाच्या बदल्यात, आणि माल खपला नाही तर काय, हे तीन प्रश्न जास्त महागाचे आहेत.

माझं मत आधीच सांगतो. तिन्ही क्षेत्रं एकदम घेऊ नका. इमारतींपुरतं घ्या, आणि तेही फिल्मच्या, म्हणजे दोन काचांमध्ये बसणाऱ्या पातळ पडद्याच्या, पुरवठ्याची हमी आणि कामाची शिकवणी कागदावर उतरल्यानंतर. वाहनांमध्ये छप्पर आणि आतली पार्टिशनं एवढंच पुढच्या टप्प्यावर ठेवा. विमान सोडा. असं का म्हणतो ते खाली सविस्तर लिहितो. मी नाशिकमध्ये तंत्रज्ञान-लायसन्सचे करार वाचण्याचं आणि त्यांच्या बोलणीत बसण्याचं काम बरीच वर्षं करतोय. बहुतेक पार्ट्या सातपूर-अंबडच्या, वाहनांचे सुटे भाग आणि विजेची उपकरणं बनवणाऱ्या. काचवाले त्यामानाने थोडे, पण त्यांची अडचण दरवेळी त्याच जागी येते.

कोणती काच, हे तुम्ही लिहिलेलं नाही

'स्मार्ट ग्लास' या एका नावाखाली तीन वेगळे माल विकले जातात आणि उत्तर त्यावर बरंच बदलतं.

पीडीएलसी म्हणजे पॉलिमरमध्ये विखुरलेल्या द्रव-स्फटिकांची फिल्म. वीज बंद असली की काच दुधासारखी पांढरी, चालू केली की साफ. साधारण ४८ ते ६५ व्होल्ट एसी लागतो. आडोसा छान मिळतो, पण प्रकाश अडवला जात नाही, नुसता विखुरतो, त्यामुळे उष्णता फारशी कमी होत नाही. दुसरी एसपीडी. हिच्या फिल्ममध्ये सूक्ष्म कण तरंगत असतात. वीज दिली की ते रांगेत उभे राहतात आणि काच उजळते, वीज गेली की कण अस्ताव्यस्त होतात आणि काच गडद. काही सेकंदांत बदल होतो आणि मधल्या कुठल्याही छटेवर थांबता येतं. मर्सिडीजने २०११ मध्ये एसएलके गाडीच्या छपराला 'मॅजिक स्काय कंट्रोल' नावाने हीच काच दिली होती. तिसरी इलेक्ट्रोक्रोमिक. हिच्यात टंगस्टन ऑक्साइडसारख्या पातळ थरात आयन शिरतात, बाहेर पडतात आणि रंग बदलतो. काही व्होल्ट डीसी पुरतो, एकदा आलेली छटा टिकवायला वीज जवळजवळ लागत नाही, पण मोठ्या काचेला पूर्ण गडद व्हायला कित्येक मिनिटं जातात. बोइंग ७८७ च्या प्रवासी खिडक्या इलेक्ट्रोक्रोमिक कुळातल्याच, फक्त त्यात रंग बदलणारा पदार्थ जेलच्या रूपात असतो. जेंटेक्स आणि पीपीजी या कंपन्यांनी त्या पुरवल्या.

तुमच्यासारख्या युनिटला यातला फरक मशीनवर कळतो. पहिल्या दोन प्रकारांत फिल्म रोलमध्ये येते, तुम्ही ती दोन काचांमध्ये लॅमिनेट करायची. इमारतींसाठीच्या इलेक्ट्रोक्रोमिक काचेवर निर्वात कोटिंग चढवावं लागतं. ती गुंतवणूक तुमच्या युनिटच्या आवाक्याबाहेरची आहे. तुम्हाला आलेला देकार त्या प्रकारचा असेल तर तुम्ही फार तर डीजीयू, म्हणजे दुहेरी काचेची तयार चौकट, बांधणारे ठरता, आणि त्यासाठी १० टक्के द्यायचं कारण मला दिसत नाही. खाली मी देकार फिल्मचा आहे असं धरून लिहितोय.

देकार पीडीएलसीचा असेल तर आणखी एक गोष्ट. ही फिल्म मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे चीनहून आलेली रोलवर मिळते, आणि गंगापूर रोडच्या हॉस्पिटलांत, हॉटेलांत, कॉन्फरन्स रूममध्ये ती बसवणारे आपल्याच शहरात आहेत. ते कोणालाही रॉयल्टी देत नाहीत. त्यांच्यापेक्षा तुमचा माल कशात सरस असेल हे लायसन्स देणाऱ्याने नमुन्यावर दाखवून द्यायला हवं.

पैसे नेमके कशाचे?

लायसन्स या शब्दात तीन वेगळ्या वस्तू गुंडाळलेल्या असतात: पेटंट वापरण्याची मुभा, काम कसं करायचं याचं ज्ञान म्हणजे नो-हाऊ, आणि कच्चा माल मिळण्याची खात्री. प्रत्येकीची किंमत वेगळी काढा.

पेटंटपासून सुरुवात करू, कारण ते घरबसल्या तपासता येतं. पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेत शंभर पेटंटं असली आणि भारतात एकही नसलं, तर भारतात तो माल बनवून इथेच विकायला पेटंटची परवानगी लागत नाही. मात्र तोच माल अमेरिकेत पाठवला की तिथलं पेटंट आडवं येतं. टर्मशीटला (कराराआधीच्या अटींच्या कागदाला) जोडलेल्या यादीतला प्रत्येक क्रमांक भारतीय पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या मोफत शोध-संकेतस्थळावर टाकून पाहा. तीन गोष्टी बघायच्या: भारतात अर्ज झाला होता का, पेटंट मंजूर झालं का, आणि नूतनीकरणाची फी भरलेली आहे का. फी थकली असेल तर पेटंट निकालात निघतं. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. या क्षेत्रातल्या मूळ कल्पना जुन्या आहेत. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांची 'लाइट व्हॉल्व्ह'ची पेटंटं १९३० च्या दशकातली, टंगस्टन ऑक्साइडचा रंग विजेने बदलतो हे एस. के. देब यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेलं. पीडीएलसी १९८० च्या दशकातलं. आज जिवंत आहेत ती सुधारणांची पेटंटं: जास्त टिकाऊ कण, कमी धूसरपणा, कडा बंद करण्याची पद्धत. त्यामुळे यादीत वीस क्रमांक असले तरी तुमच्या मालाला खरोखर लागू पडणारे दोन-तीनच निघू शकतात.

यादीतलं शेवटचं पेटंट संपल्यावर काय, हेही आत्ताच ठरवा. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम १४१ नुसार कराराच्या वेळची सगळी संबंधित पेटंटं संपली की कोणताही पक्ष तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. पण तुमच्या करारात पेटंट आणि नो-हाऊ एकाच टक्केवारीत कालवलेले असतील तर वाद होणारच. मी नेहमी दोन ओळी वेगळ्या लिहून घेतो: पेटंटचे इतके टक्के, नो-हाऊचे इतके, आणि पेटंट संपलं की पहिली ओळ आपोआप शून्य.

नो-हाऊचं परिशिष्ट नीट वाचा

माझ्या मते तुमच्या सगळ्या व्यवहाराचा जीव इथे आहे.

अंबडच्या एका युनिटमध्ये मला लॅमिनेट केलेली पीडीएलसी काच दाखवली होती, बसवून एक उन्हाळा झालेली. मधला भाग उत्तम चालत होता. पण चारही कडांना बोटभर रुंदीची पट्टी कायमची साफ राहिली होती. बटण बंद केलं तरी ती पांढरी होत नव्हती, आणि एका कोपऱ्यात बारीक बुडबुडे होते. कारण साधं होतं. त्यांनी नेहमीचा पीव्हीबी इंटरलेयर, म्हणजे काचा चिकटवणारा मधला प्लास्टिकचा थर, वापरला होता. पीव्हीबीतला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू फिल्मच्या उघड्या कडेतून आत शिरतो आणि द्रव-स्फटिकांचा थर बिघडवतो. शिवाय साध्या काचेसाठी ऑटोक्लेव्ह (उष्णता आणि दाब देणारं यंत्र) १३५-१४० अंशांपर्यंत नेतात, तेवढी उष्णता आणि दाब या फिल्मला मानवतोच असं नाही. त्यामुळे ईव्हीए किंवा टीपीयू असा दुसरा इंटरलेयर, कमी तापमान आणि निर्वात पिशवी असं वेगळं गणित लागतं.

तशीच नाजूक बाब बसबारची, म्हणजे फिल्मला वीज पोचवणाऱ्या पट्टीची. फिल्मच्या दोन्ही बाजूंना आयटीओचा, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा, पारदर्शक वाहक थर असतो. जोडणीसाठी एका कडेला वरचा थर अर्धा कापून सोलायचा, आत उरलेला पदार्थ द्रावकाने पुसायचा, मग चांदीची पेस्ट आणि तांब्याची पट्टी. कापताना पातं जरा खोल गेलं की खालचा आयटीओ तुटतो. दोष त्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी काचेचा एक भाग मिणमिणायला लागतो. हे हाताचं काम आहे आणि ते पेटंटच्या कागदात लिहिलेलं नसतं.

आता तुमच्या टर्मशीटचं नो-हाऊ परिशिष्ट काढा. 'तांत्रिक माहिती परस्पर संमतीने पुरवली जाईल' अशी एकच ओळ असेल तर तुम्ही हवेचे पैसे देताय. त्या जागी काय हवं? कोणता इंटरलेयर, किती जाडी, कोणत्या कंपनीचा चालतो. तापमान-दाब-वेळ यांची पूर्ण रेसिपी, आणि ती तुमच्या मशीनवर लावून दाखवण्याची जबाबदारी त्यांची. कडा बंद करण्याची पद्धत. त्यांचा तंत्रज्ञ तुमच्या शेडमध्ये किती दिवस थांबेल आणि त्याचा खर्च कोणाचा. कंट्रोलरचं सर्किट किंवा त्याला पर्याय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्वीकृती चाचणी: तुमच्या मशीनवर, तुमच्या माणसांनी, ठरलेल्या मापाच्या काचा बनवल्या, आणि रिजेक्शन ठरलेल्या टक्क्याच्या आत आलं, तरच एकरकमी फीचा शेवटचा हप्ता. माझ्या सल्ल्याने झालेल्या करारांत मी फीचा मोठा हिस्सा नेहमी या टप्प्याला बांधतो. विकणारा कुरकुर करतो, पण ज्याला आपल्या रेसिपीची खात्री आहे तो शेवटी मान्य करतो.

टिकाऊपणाची हमीही आपल्या उन्हाची मागा. पश्चिमेकडची गडद काच मे महिन्यात उष्णता शोषून हवेच्या तापमानाच्या पुष्कळ वर जाते. त्यांच्या वॉरंटीत काचेच्या पृष्ठभागाचं कमाल तापमान किती धरलंय ते विचारा, आणि त्या तापमानाला किती वेळा उघडझाप करून चाचणी केली त्याचा अहवाल मागा. गडद काच असमान तापली तर तडकते, म्हणून दोन्ही बाजूंची काच टफन किंवा हीट-स्ट्रेंग्दन केलेली असणं बरं. ते काम तुम्हाला येतंच.

दहा टक्के कशावर

समजा इमारतीतल्या कामाला तुम्ही चौरस मीटरला ४०,००० रुपये लावता. त्यात फ्रेम, वायरिंग, कंट्रोलर आणि बसवणूक आली, आणि नुसत्या लॅमिनेटेड स्मार्ट काचेचा कारखान्यातला भाव २२,००० आहे. (आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.) 'नेट विक्री'ची व्याख्या संपूर्ण बिलावर असेल तर रॉयल्टी ४,००० रुपये. फक्त काचेच्या कारखाना-भावावर असेल तर २,२००. टक्केवारी तीच, पण जाणारी रक्कम जवळपास निम्मी. म्हणून व्याख्येत हे वगळून घ्या: जीएसटी, वाहतूक, विमा, फ्रेम, बसवणूक, बाहेरून घेतलेला कंट्रोलर आणि परत आलेला माल. त्यांच्याकडूनच घेतलेल्या फिल्मची किंमतही वजा व्हायला हवी, असं मी आग्रहाने म्हणेन. फिल्मच्या भावात त्यांचा नफा एकदा आलेला आहे, त्यावर पुन्हा रॉयल्टी म्हणजे दुबार वसुली.

याच्या उलट बाजूनेही विचारा: फिल्म अधिकृत कारखान्याकडून पैसे मोजून घेतली तर वेगळं लायसन्स लागतंच का? याचं उत्तर त्यांच्या पेटंटात दावा कशावर आहे यावर ठरतं. दावा फक्त फिल्मवर असेल तर अधिकृत विक्रीनंतर पुन्हा हक्क सांगणं अवघड जातं. तयार खिडकीवर किंवा लॅमिनेशनच्या पद्धतीवर स्वतंत्र दावा असेल तर प्रश्न उरतो. रिसर्च फ्रंटियर्सची रचना अशी आहे की लायसन्सधारकांनी एकमेकांना विकलेल्या घटकांवर रॉयल्टी नाही, ती शेवटचा माल बनवणाऱ्याकडून घेतली जाते. तुमचा विकणारा काय करतो ते लेखी घ्या. काही वेळा साधा पुरवठा करार आणि प्रशिक्षणाची फी एवढ्यात काम भागतं.

कर विसरू नका. परदेशात रॉयल्टी पाठवताना टीडीएस कापावा लागतो. देशातला दर २०२३ च्या वित्त कायद्यापासून २० टक्के, वर अधिभार-उपकर. ज्या देशांशी भारताचा कर-करार आहे त्यांना तो कमी: जपान-जर्मनीला १० टक्के, अमेरिकेला साधारणपणे १५, अर्थात त्यांनी निवासी-प्रमाणपत्र दिलं तर. टर्मशीटमध्ये 'सर्व करांव्यतिरिक्त निव्वळ' असे शब्द असतील तर कर तुमच्या डोक्यावर येतो. तेव्हा अमेरिकी कंपनीचे १० टक्के प्रत्यक्षात ११.७६ होतात. शिवाय सेवा-आयात म्हणून रिव्हर्स चार्जने, म्हणजे तुम्हीच भरायचा, १८ टक्के जीएसटी, ज्याचं क्रेडिट मिळतं पण पैसा काही काळ अडकतो. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा नेमकी कलमं तुमच्या सीएकडून घाला. रॉयल्टी किती द्यावी यावरची जुनी सरकारी मर्यादा, देशांतर्गत विक्रीवर ५ आणि निर्यातीवर ८ टक्के, २००९ च्या शेवटी उठली. म्हणजे आता जास्तीपासून वाचवायला नियम नाही, बोलणीच करायची.

किमान रॉयल्टी

मला सगळ्यांत जास्त काळजी या कलमाची वाटते. वरच्याच हिशेबाने चौरस मीटरला २,२०० रुपये रॉयल्टी धरली तर ४० लाख भरून निघायला वर्षाला साधारण १,८०० चौरस मीटर स्मार्ट काच खपायला हवी. एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूची पार्टिशनं किती भरतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याचा काही भाग धरूनही दुसऱ्याच वर्षी हे व्हायचं म्हणजे मोठी मजल आहे.

किमान रॉयल्टीला तत्त्वतः माझा विरोध नाही. तुम्ही एक्सक्लुझिव्ह हक्क घेऊन स्वस्थ बसलात तर त्यांचा भारतातला बाजार बुडतो, त्यांना संरक्षण हवंच. पण ती उत्पादन सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजा, करार झाल्यापासून नाही. पहिलं वर्ष शून्य, मग चढती. आणि कलमात हे असू द्या की किमान भरली गेली नाही तर एक्सक्लुझिव्ह हक्क जाईल, लायसन्स साधं म्हणजे नॉन-एक्सक्लुझिव्ह होईल, पण फरकाची रक्कम थकबाकी ठरणार नाही. शेवटचे पाच शब्द मिळवण्यासाठी मी एकरकमी फी थोडी वाढवून द्यायलाही तयार होईन. त्यावर तुमचं घर तारण राहतंय का नाही हे ठरतं.

तीन क्षेत्रं

इमारत हा तुमचा आजचा धंदा आहे. आर्किटेक्ट ओळखीचे, साइटवरची माणसं तयार. इथे दोन सूचना. सेफ्टी ग्लासवर गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि इमारतीसाठी मानक आयएस २५५३ भाग १. तुमच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) परवान्यात साधी लॅमिनेटेड काच असेल. मध्ये फिल्म आणि वायर असलेली काच त्यात बसते का हे त्यांना आधी लेखी विचारा. दुसरं, देकार पीडीएलसीचा असेल तर एअर कंडिशनरच्या विजेची बचत होते असं कुठल्याही ब्रोशरमध्ये छापू नका. ऊर्जा संवर्धन संहितेचं पालन दाखवताना आर्किटेक्टला सौर-उष्णतेचा गुणांक मोजून द्यावा लागतो, आणि तिथे खोटं टिकत नाही.

वाहनांचं आकर्षण मी समजू शकतो, गावात महिंद्राचा कारखाना असताना कोणालाही वाटेल. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १०० आधी वाचा. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या खिडक्यांतून किमान ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये अविषेक गोएंका प्रकरणात काळ्या फिल्मवर बंदी घातली ती याच नियमाच्या आधारे. त्या नियमात नंतर दुरुस्त्या झाल्या, पण ७० आणि ५० चे आकडे कायम आहेत. एसपीडी काच वीज गेली की गडद होते, म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी नियमाबाहेर. तेव्हा खिडक्या हा आपल्याकडे बाजारच नाही. उरतं छप्पर. काचेचं छप्पर आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही येतंय आणि उन्हाची तक्रार खरी आहे, त्यामुळे मागणी येईल असं मलाही वाटतं. पण गाडीचं डिझाइन जिथे ठरतं तिथे पुरवठादार ठरतो, आणि महिंद्राचं ते काम चेन्नईजवळच्या रिसर्च व्हॅलीत चालतं, सातपूरला नाही. छपराची काच घ्यायची तर कंपन्या असाही इंडिया किंवा सेंट-गोबेन सेक्युरिट या मोठ्या गाडी-काच कंपन्यांकडेच आधी जाणार. नमुने, एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्या, मंजुरी यात वर्षं जातात, आणि तुमची किमान रॉयल्टी तोवर चालू. रुग्णवाहिकेतलं किंवा आलिशान बसमधलं आतलं पार्टिशन हे तुमच्या मापाचं काम आहे. तिथे खिडकीची अट तशी लागू होत नाही, रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ हे मानक पाहावं लागेल. वाहन क्षेत्र हवंच असेल तर एवढंच मागा, नॉन-एक्सक्लुझिव्ह आणि किमान रॉयल्टीशिवाय.

विमानाबद्दल थोडक्यात. ओझरला एचएएल हा सरकारी विमान कारखाना आहे, पण तिथे सुखोई आणि तेजस ही लढाऊ विमानं तयार होतात. प्रवासी केबिनच्या खिडक्यांचा तो बाजार नाही. प्रवासी विमानाची खिडकी कोणाची बसेल हे विमान बनवणारी कंपनी आणि तिचं प्रमाणपत्र ठरवतं. आग, कंपन, विद्युत-चुंबकीय चाचण्या यांचा खर्च तुमच्या युनिटच्या वर्षाच्या नफ्याहून मोठा होईल. टर्मशीटमध्ये विमानाचं क्षेत्र फुकट असल्यासारखं दिसतं, पण त्याच्या नावावर फी आणि किमान रक्कम फुगवलेली असते. ते काढायला सांगा आणि किती कमी होतं ते पाहा. 'भारतातून विमानाची विचारणा आली तर आधी आम्हाला कळवावं' एवढं एक कलम पुरे.

ते म्हणाले की तिन्ही क्षेत्रं घ्याल तरच देऊ, तर त्यांना पेटंट कायद्याचं कलम १४० दाखवा. जबरदस्तीचं पॅकेज लायसन्स, पेटंटच्या वैधतेला आव्हान द्यायला बंदी, तुमच्या सुधारणांवर त्यांचाच एकट्याचा हक्क, अशा अटी त्या कलमाखाली बेकायदा आहेत. पेटंट नसलेला मालही त्यांच्याकडूनच घ्यावा ही अटही त्यातच. फिल्म पेटंटखाली असेल तर ती त्यांच्याकडून घ्या म्हणता येतं. इंटरलेयर, तांब्याची पट्टी, कंट्रोलर यांच्यासाठी नाही.

सुधारणांचं कलम आपले लोक वाचतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. कडा बंद करण्याची एखादी नवी युक्ती तुमच्या फोरमनला सुचेल, कारण आपल्या उन्हात ती लागणारच आहे. ती तुमच्या मालकीची राहू द्या, त्यांना वापरायची मुभा द्या, बदल्यात काहीतरी घ्या. आणि ती परदेशात नोंदवायची झाली तर कलम ३९ नुसार आधी इथे परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं.

करार झाल्यावर तो लेखी असणं आणि पेटंट नियंत्रकाकडे नोंदवणं, कलम ६८ आणि ६९, वकिलाकडून लगेच उरका. न नोंदवलेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जाईलच असं नाही. वादासाठी सिंगापूरचा लवाद ठरला तर हरकत घेऊ नका, तो निवाडा इथे अंमलात आणता येतो.

विकणाराच बंद पडला तर

हे भीती घालायला लिहीत नाही. व्ह्यू ही अमेरिकेतली इलेक्ट्रोक्रोमिक काचेची खूप गाजलेली कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. एसपीडी फिल्म बनवणारी हिताची केमिकल २०२० मध्ये शोवा डेंकोच्या ताब्यात गेली आणि आज त्या कंपनीचं नावही वेगळं आहे. या क्षेत्रात कंपन्या विकल्या जातात आणि बंदही पडतात. म्हणून फिल्मचा दुसरा अधिकृत पुरवठादार करारात नावानिशी घाला, पुरवठा ठरावीक महिने थांबला तर किमान रॉयल्टी थांबेल असं लिहा, आणि कंपनी विकली गेली तरी नव्या मालकावर करार बंधनकारक राहील असं कलम घ्या. विकणारा अमेरिकी असेल तर तिथल्या दिवाळखोरी कायद्याचं कलम ३६५(एन) लायसन्सधारकाला पेटंटचे हक्क टिकवण्याची सोय देतं. पण ते फिल्मचा रोल माळेगावला पोचवत नाही. तुम्ही दहा वर्षांची वॉरंटी दिलेली काच बदलून द्यायची वेळ आली तर रोल कुठून आणाल, याचं उत्तर करारातच असायला हवं.

महिन्याभरात सही करू नका. या आठवड्यात त्यांना दोनच गोष्टींसाठी मेल टाका: पेटंटांची देशवार यादी आणि नो-हाऊ परिशिष्टाचा पूर्ण मसुदा. सोबत चाचणीसाठी फिल्मचा एक रोल विकत मागा, फुकट नको, म्हणजे अटी लागणार नाहीत. त्यातून चार काचा तुमच्या मशीनवर बनवा आणि पश्चिमेच्या भिंतीवर वीज जोडून लावून ठेवा. बोलणी चालू असेपर्यंत उन्हाळा त्यांच्यावरून जाऊ द्या. रिसर्च फ्रंटियर्ससारख्या अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांचे लायसन्स करार तिथल्या शेअर बाजार नियामकाकडे जोडपत्र म्हणून सापडतात, मोफत. त्यातले दोन-तीन वाचलेत तर तुमच्या टर्मशीटमधलं कोणतं कलम नेहमीचं आणि कोणतं जादाचं हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

'नेट विक्री'ची व्याख्या आणि किमान रॉयल्टीचं कलम, नावं काढून, इथे टाकलंत तर शब्दशः काय बदलायचं ते मी लिहून देतो.